उंदरांनी न खाल्लेला नकाशा

आमच्या स्टाफरूममध्ये “आज काय उकडतंय हो” असं म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून, वह्या तपासता तपासता, मान वर न करता प्रश्न यायचा, “कालच्यापेक्षा? पुरावा काय?” अमक्याच्या घरात भांडण झालं म्हणावं, तर “तुम्ही ऐकलंत की कुणी सांगितलं?” तमकी नवऱ्याला सोडून आली म्हणावं, तर “माहेरी चार दिवस राहायला आली नसेल कशावरून?” दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करून माणूस जरा टेकतो, तर दोन गप्पा माराव्यात की नाही? पण गोंडवन सर बसलेले असले की गप्पा सुरू व्हायच्या आणि जागच्या जागी मरायच्या. मला तर कितीदा वाटायचं, ह्या माणसाला खुर्चीसकट बाहेर पडवीत नेऊन ठेवावं.

गोंडवन हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पोरांनी ठेवलेलं नाव, आणि ते इतकं रुळलं की पगाराच्या दिवशी हेडसरसुद्धा चुकून “गोंडवन, सही करा” म्हणायचे. राजूरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. उंच, किडकिडीत, डाव्या बाहीला कायम खडूची पूड. मूळचे नगरच्या कर्जतकडचे, तिकडच्या कोरड्या मुलखातले. त्यांच्या वडलांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, आणि “माझा दगडांशी संबंध तिथपासूनचा” असं ते सांगायचे. गावात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली फळीवर ओळीनं मांडलेले दगड. बायको सरकारी नर्स. वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर लसी टोचायला पायी जायची. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून मीही सिस्टरच म्हणायचे. मनू नावाची एकुलती एक पोर, तेव्हा जेमतेम बालवाडीतली.

मी शिवणकाम शिकवायचे. वेळापत्रकात त्याला कार्यानुभव म्हणत, आणि कार्यानुभवाचा तास म्हणजे दुसऱ्या कुणाला जादा तास हवा असला की हक्कानं मागून घ्यायचा तास. गोंडवन सर तेवढे कधी मागायला आले नाहीत. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी पहिल्यापासून आदर होता. बाकी आमचं पटायचं कमीच.

एरवी ते शिकवायचे बाकीच्यांसारखंच. पिकं, पाऊस, लोहमार्ग, बंदरं. आवाजही थकलेला, रोज आठ तास घेणाऱ्या माणसाचा असतो तसा. पण खंडवहनाचा धडा आला की ह्यांच्या अंगात यायचं. पृथ्वीवरची खंडं पूर्वी एकमेकांना चिकटलेली होती, मग सुटली आणि सरकत सरकत आजच्या जागी आली, असा तो धडा. दक्षिणेकडच्या त्या जुन्या जोडखंडाचं नाव गोंडवन, तेच पोरांनी सरांना चिकटवलं. पुस्तकात दीड पान. परीक्षेला फार तर एक टीप यायची. बाकीचे शिक्षक तासाभरात उरकतील, ह्यांना पंधरवडाही पुरायचा नाही. हेडसर कुरकुरायचे, “अहो, पोर्शन!” त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर, “साहेब, खंडं अजून पोचायचीत. आपल्यालाच कसली घाई?”

त्या धड्याच्या वेळी ते पोरांना शाळेमागच्या ओढ्यात न्यायचे. आमच्या इकडं कातळाला काय तोटा? जिकडं पाहावं तिकडं काळा दगड. एका दगडावर हात ठेवून म्हणायचे, “ह्याला आठवण आहे. हा तापून वितळलेला वर आला, तेव्हा ह्याच्यातले लोखंडाचे बारीक कण होकायंत्राच्या काट्यासारखे वळले आणि थंड होताना तसेच अडकून बसले. शास्त्रज्ञांनी ते काटे वाचले. काटे सांगतात, हा दगड निघाला तेव्हा आपण विषुववृत्ताच्या खाली होतो.” पोरं एकमेकांकडं बघायची. एकदा हिरा नावाच्या पोरीनं विचारलं, “म्हंजी सर, आपलं राजूर लंकेच्या खाली हुतं?” सर म्हणाले, “लंका आज आहे तिच्याही बरंच खाली.” ती पोर घरी जाऊन आजीला सांगून आली, आणि आजीनं दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्याकडं तक्रार केली, की तुमच्या शाळेत काय शिकवत्यात ह्ये.

पण ह्या धड्याचा कुणी गोड उपयोग करायला लागलं की त्यांचं डोकं फिरायचं. एका चौदा एप्रिलला गावात सभा होती. पाहुण्यांनी कुठून तरी ऐकलेलं, ते म्हणाले, “आपले गुरुजी शिकवतात की सगळी जमीन मुळात एक होती, तसा सगळा मानव एक आहे!” टाळ्या पडल्या. ह्यांना दोन शब्द बोलायला उठवलं, तर हे म्हणाले, “मी दगडांचं शिकवतो. माणसांचा पुरावा वेगळा काढावा लागेल, आणि तो मला अजून सापडलेला नाही.” सभा गार पडली. घरी जाताना सिस्टर म्हणाली, “दोन मिनिटं गोड बोलला असता तर जीभ झडली असती का?” सर म्हणाले, “गोड बोललो असतो. खरं नसतं झालं.” असा माणूस. काय बोलणार?

मग किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे. आमच्यापासून ते किती लांब, पण कुणी म्हणालं आमची भांडी वाजली, कुणी म्हणालं पाळणा हलला. राजूरची निम्मी माणसं अंथरुणं घेऊन अंगणात झोपायला लागली. संध्याकाळी चार जाणते सरांच्या दारात आले, “सर, आपला डोंगर पडंल का वो?” दुसरा असता तर छाती फुगवून व्याख्यान दिलं असतं. हे म्हणाले, “मला माहीत नाही. बाहेर झोपलात तर थंडी वाजेल, एवढं नक्की.” माणसं हिरमुसून परत गेली. मी त्यांना म्हटलं, “अहो, धीराचे दोन शब्द तरी बोलायचे.” ते म्हणाले, “बाई, आपल्या पुस्तकात छापलंय, दख्खनची जमीन पक्की आहे, इथं मोठा भूकंप होत नाही. मी दरवर्षी ते शिकवलं. आता कुठल्या धीरानं बोलू?” तेव्हा मला त्यांची दया आली. रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते.

त्यांनी वर्गातही तेच सांगितलं. पुस्तक चुकलं, आणि पुस्तकाबरोबर मीही चुकलो. आता असं कुठला शिक्षक पोरांना सांगतो? आणि सांगितलं की पोरं काय गप्प बसतात? पुढच्याच महिन्यात खंडवहनाचा धडा आला. सरांनी नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याची आफ्रिका आणि पुठ्ठ्याची दक्षिण अमेरिका काढली, एकमेकींना लावून दाखवली. मागच्या बाकावरून हिरा उठली.

“सर, पुस्तक चुकलं म्हंता, मंग ह्ये खंड सरकल्याचं तरी कशावरनं खरं?”

“हे बघ ना, किनारे जुळतात.”

“पुठ्ठा तुमीच कापलाय. जुळंल आसाच कापला आसंल.”

हे सगळं मला नंतर हिरानंच सांगितलं. म्हणाली, आम्हाला वाटलं आता छडी. सर एकदम खूश झाले. इतकी वर्षं दुसऱ्यांकडं पुरावा मागणाऱ्या माणसाला कुणीतरी पुरावा मागितला होता! ते म्हणाले, “बरोबर आहे तुझं. माझ्या हातच्या पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नये. जा, शिवणाच्या बाईंची कात्री घेऊन ये.”

माझी कात्री म्हणजे संगमनेरहून आणलेली, कापडाची. तिनं कागद कापला की मी डोकं फोडीन, हे शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. म्हणून हिराच्या मागोमाग मीही वर्गात गेले. बघते तर जगाचा मोठा नकाशा खिळ्यावरून उतरवून जमिनीवर पसरलेला, भोवती सगळी पोरं उकिडवी बसलेली. शाळेचा एकुलता एक धड नकाशा, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या. मी म्हटलं, “सर, माझी कात्री कागदाची नाही.” ते म्हणाले, “बाई, पाठीला कापडच आहे.” आणि पनामाच्या मानेपासून त्यांनी कात्री घातली. कर्र कर्र आवाज करत सगळा किनारा कापून काढला. माझ्या दातांत शिरशिरी आली.

दक्षिण अमेरिका उचलून त्यांनी आफ्रिकेला लावली. ब्राझीलचा फुगलेला खांदा आफ्रिकेच्या काखेत जाऊन बसला. पोरं “ओऽऽ” करून ओरडली. हिरा काही ओरडली नाही. नाक लावून बघत बसली आणि म्हणाली, “खाली फट ऱ्हाती, सर.” सर म्हणाले, “राहते. शाबास! खंडाची खरी कड पाण्याखाली असते, किनाऱ्यावर नाही. ती कड जुळवली की फट पुष्कळ भरते. तरी थोडी राहतेच, ती मी लपवणार नाही.” मग त्यांनी लाल खडूनं ब्राझीलवर खडकांचे पट्टे काढले आणि तेच पुढं आफ्रिकेत नेले. तेव्हा पहिल्यांदा मला ह्या प्रकरणात काही कळलं. लुगडं फाटलं तर दोन तुकडे एकाच लुगड्याचे की नाही हे आपण काठ जुळवून बघतो, तसंच हे. मी तसं बोलले, तर सर पोरांना म्हणाले, “बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मला दोन आठवडे लागतात.” खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग गोड्या पाण्यातल्या एका प्राण्याची गोष्ट. पालीसारखा, हातभर लांब. त्याचे दगड झालेले सांगाडे ह्या किनाऱ्यालाही सापडतात आणि त्या किनाऱ्यालाही, बाकी जगात कुठं नाहीत. “तो एवढा समुद्र पोहून गेला असेल?” पोरं म्हणाली, “न्हाई सर, फुगून मरंल!” मग आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशात सापडणारं जिभेच्या आकाराचं पान, जे दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाखालच्या खडकांतही सापडतं. आणि त्याच चंद्रपूरकडच्या खडकावर, जिथं उन्हाळ्यात माणसं उष्माघातानं पडतात तिथं, हिमनदी घासून गेल्याचे ओरखडे. हिरा शेवटी म्हणाली, “पन सर, एवढ्या जड जमिनीला ढकललं कुनी?” सर म्हणाले, “हे ज्या जर्मन माणसानं पहिल्यांदा मांडलं ना, त्याला सगळ्यांनी हेच विचारलं. त्याला सांगता आलं नाही. लोक त्याला हसले, आणि तो बिचारा हसू ऐकतच बर्फात मेला. कारण पुढं पुष्कळ वर्षांनी सापडलं. का झालं ते माहीत नाही म्हणून झालंच नाही, असं होत नाही.” मग समुद्राचा तळ कसा मधोमध फाटत जातो ते सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मी इतकी वर्षं नोकरी केली, असा तास पुन्हा पाहिला नाही.

आता शाळेचा नकाशा कापला म्हणजे काय, हे काही त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या तुकडीलाही दाखवायचं म्हणून माझ्याकडच्या टाचण्या घेऊन त्यांनी ब्राझील आफ्रिकेला टाचलं, आणि मग नकाशा माझ्या खोलीत आणून ठेवला. “बाई, तेवढं जागेवर शिवून द्या.” माझी नेमकी नणंदेच्या लग्नाची धावपळ. जाता जाता मी मुलींना सांगितलं, नकाशा शिवून ठेवा. आता शिवणात मुलींना पहिला धडा काय असतो? टाचणी दिसेल तिथं टीप. हिरा आणि तिच्या मैत्रिणींनी आज्ञा पाळली. दक्षिण अमेरिका त्यांनी आफ्रिकेलाच शिवून टाकली. जिथून ती कापली होती तिथं भोक पडलेलं, त्याला निळ्या अस्तराचं ठिगळ लावलं, समुद्र म्हणून. मी परत येऊन बघते तर, कपाळ माझं! पण काय ती उलटी टीप! मशीन मारल्यासारखी. उसवायला माझा हात धजेना, आणि म्हटलं, तरी उद्या उसवू.

दुसऱ्याच दिवशी संस्थेची तपासणी आली. कुणालाही न कळवता. साहेबांनी नववीच्या वर्गात नकाशा मागितला, शिपायानं माझ्या खोलीतून नेऊन टांगला. साहेबांनी छडीनं दाखवून विचारलं, “हे ब्राझील इकडं कसं आलं?” हिरा ताडकन उठली, “साहेब, त्ये आदी हितंच हुतं!” अख्खा वर्ग हसला. साहेब नाही हसले. त्यांना वाटलं, आपली टिंगल चाललीय. त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि शाळेच्या सामानाची नोंद असते ते डेडस्टॉकचं रजिस्टर मागवलं.

चार दिवसांत मेमो आला. शाळेच्या मालमत्तेचं हेतुपुरस्सर नुकसान का केलं, खुलासा द्यावा. आणि तोंडी निरोप असा आला की खुलासा समाधानकारक नसेल तर बदली. संस्थेच्या शाखा साऱ्या जिल्ह्यात, आणि आमचा जिल्हा काय लहान आहे?

सगळ्यांनाच ठाऊक होतं की ह्याच्यावर औषध आहे. आमचे क्लार्क भाऊसाहेब त्यातले धन्वंतरी. ते म्हणाले, “सर, घाबरता काय? ‘नकाशा उंदरांनी कुरतडल्यामुळे दुरुस्ती करण्यात आली, दुरुस्तीत अनवधानाने चूक झाली.’ दोन ओळी. मी लिहितो, तुम्ही सही ठोका.” शाळेत काहीही गेलं की ते उंदरांनी खाल्लं, ही जुनी पद्धत. सतरंज्या उंदरांनी खाल्ल्या, गादी उंदरांनी खाल्ली, एकदा तर लेझमी उंदरांनी खाल्ल्याचं लिहून त्यावर वरची मंजुरी आलेली! लोखंडाच्या लेझमी! कुणी एक शब्द विचारला नाही. वरच्यांनाही उंदीर बरे वाटतात, फाईल मिटते.

सर म्हणाले, “भाऊसाहेब, दक्षिण अमेरिकेचा किनारा इतका नीट कुरतडणारा उंदीर मला दाखवा, मी सही करतो.”

हेडसर निवृत्तीला आलेले. हात जोडून म्हणाले, “गोंडवन, मला सुखानं घरी जाऊ द्या हो.” मी तर भांडले. म्हटलं, “सर, अख्खा देश उंदरांवर चाललाय. तुमच्या एका सहीनं काय बुडणार आहे?” ते शांतपणे म्हणाले, “पोरीनं पुरावा मागितला म्हणून मी नकाशा कापला. आता उंदीर लिहिलं, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडानं पुरावा मागू? हिरा बसलेली असते समोर.” मी म्हटलं, “हिरा उद्या लग्न होऊन जाईल. तुम्ही कुठं जाल ते बघा.”

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. सिस्टर वाड्यांवरून नुकतीच आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मनू तिच्या पाठीवर रेललेली. सिस्टर नवऱ्याला म्हणाली, “लिहा ना उंदीर. उंदरांची काय बदनामी व्हायची हाय? माझी नोकरी हितली, ती न्हाई हलायची. तुमी तिकडं गेल्यावर ही पोर, ही ड्यूटी, सगळं मी एकटीनं किती वढू? मला न्हाई वो झेपायचं.” ती रडली नाही, नुसतं सांगितलं, आणि पाय पुसायला लागली. सर मनूच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, जमलं. हा माणूस आता सही करणार.

सकाळी त्यांनी चार पानी खुलासा दिला. “नकाशा मी कापला,” पहिलं वाक्य. पुढं का कापला ते, आणि त्यापुढं किनारे, खडक, प्राणी, पान, ओरखडे, चुंबकाचे काटे, सगळं क्रमवार. नकाशाची किंमत पगारातून कापून घ्यावी असं शेवटी. भाऊसाहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. ते म्हणाले, “हे साहेबांना शिकवायला निघाले.”

बदली कर्जतकडच्या मिरजगावला झाली. वर साहेबांचं सांगणं असं की तुमच्याच मुलखात पाठवतोय, उपकार समजा. त्यांच्या मुलखात आता त्यांचं कोण होतं? आईवडील कधीच गेलेले. राजूर नगर जिल्ह्याच्या ह्या टोकाला, मिरजगाव त्या टोकाला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नगर, संगमनेर, अकोले करत गाड्या बदलत हे दिवेलागणीनंतर राजूरला पोचायचे, आणि रविवारी दुपारी परतीची गाडी धरायचे. घरात असतील नसतील तेवढे तास निम्मे झोपेत जायचे. पावसाळ्यात, परीक्षेच्या दिवसांत तेही नाही. परत आणा म्हणून अर्ज झाले, हेडसर बदलले, संस्थेतले साहेब बदलले. अर्जाचं उत्तर कधी आलं नाही. अशी वर्षं गेली. हिरा डी.एड. झाली, तिच्या डोंगरातल्याच एका शाळेत लागली. ते मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, “भूगोल घेते का?” मी म्हटलं, “सगळंच घेते, एकशिक्षकी शाळा आहे.” त्यावर मान हलवून थोडे हसले.

माझं घर एसटी स्टँडच्या समोरच. गाडीला वेळ असला की सर ओट्यावर टेकायचे. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, पण त्यातला एक रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. उन्हाळा होता. सर आले, पिशवी भिंतीला लावली आणि डोळे मिटून बसले. केस सगळे पांढरे झालेले, पायांवर सूज. मी चहा टाकला. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं एकत्र चहा प्यालो, ह्यांना दोन चमचे लागतात हे काय मला विचारायला हवं होतं? घातले दोन चमचे, कप आणून दिला. त्यांनी सावकाश सगळा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मनू चहा करायला लागली.”

मी म्हटलं, “अगबाई, एवढी झाली? छान!”

“आज सकाळी तिनं केला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही साखर किती घेता? पाहुण्याला विचारतात तसं. चुकली नाही ती. तिला कुठून माहीत असणार? मी म्हटलं, बेटा, मी साखर घेत नाही. डॉक्टरांनी बंद केली त्याला दोन वर्षं झाली. तर म्हणाली, आई काही बोलली नाही मला. आईलाही मी सांगितलं नव्हतं. आठवड्याचे चार तास, त्यात कुठं दुखणं काढत बसायचं?”

मी रिकाम्या कपाकडं बघितलं. “अहो, मग हा? मी दोन चमचे घातले की! बोलायचं नाही का?”

“तुम्ही न विचारता घातलेत, बाई,” ते म्हणाले. “बरं वाटलं.”

समोर गाडी लागली. कंडक्टर नगर, नगर ओरडत होता. सर गुडघ्यावर हात टेकून उठले, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “उंदीरच लिहायला हवं होतं.”

ह्याच एका वाक्यासाठी मी त्यांच्याशी तेव्हा भांडले होते. ते आता त्यांच्या तोंडून ऐकलं. मी म्हणणार होते, नाही सर, तुमचंच बरोबर होतं. पण सिस्टरचे गरम पाण्यातले पाय आठवले आणि तेही म्हणवेना. सर रस्ता ओलांडून गाडीत चढले. खिडकीची जागा मिळाली नव्हती, दांडीला धरून उभे होते. गाडी निघाली.